टीएचसीव्ही : मधुमेहावरची आशा की नुसता गाजावाजा?

रेणुवेडा : गांजाची नशा टीएचसी या रसायनामुळे, हे सगळ्यांना ठाऊक. टीएचसीव्ही हा त्याचाच भाऊबंद, पण फारसा कोणाला माहीत नाही. टीएचसीच्या रेणूच्या शेपटीत पाच कार्बन, याच्या तीन. एवढ्याने गुण उलटतात : टीएचसी मेंदूतले सीबी१ रिसेप्टर (पेशींवरचे संदेश टिपणारे रेणू) चालू करून भूक खवळवतं, टीएचसीव्ही कमी मात्रेत तेच अडवतं. २०१६च्या एका चाचणीत टाइप २ मधुमेहींना ते ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, १३ आठवडे दिलं. उपाशीपोटीची साखर प्लासिबोच्या (औषध नसलेल्या नकली गोळीच्या) तुलनेत लक्षणीय उतरली. मोठ्या चाचण्या अडल्यात त्या गांजाच्या बदनामीपायी, असं माझं मत.

तिरकस : ६२ रुग्ण, पाच गट. टीएचसीव्हीच्या वाट्याला जेमतेम डझनभर! शिवाय मुख्य निकष साखर नव्हताच. एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल बदलतं का ते पाहायचं होतं, आणि ते बदललं नाही. दुय्यम निकषांची रांग लावली की एखादा योगायोगानेही हलतो.

रेणुवेडा : इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींचं कामही सुधारलं होतं. दोन्ही योगायोगच?

तिरकस : तो आकडा उपाशीपोटीची साखर आणि इन्सुलिन यांवरूनच काढतात. एकच पुरावा दोनदा मोजताय.

औषधवाली : मला वेगळीच भीती वाटते. रिमोनाबँट हे औषधही सीबी१च अडवायचं. युरोपात २००६ साली लठ्ठपणासाठी मान्यता मिळाली, नैराश्य आणि आत्महत्येचे विचार दिसू लागल्यावर २००८ मध्ये ते बंद झालं.

रेणुवेडा : तुलना चुकतेय. रिमोनाबँट रिसेप्टरचं मूळचं कामही खाली दाबतं. टीएचसीव्ही फक्त जागा अडवतं, असं प्रयोगशाळेत दिसतं. २० निरोगी माणसांना १० मिलिग्रॅम देऊन मेंदूचं स्कॅन केलं, तेव्हा चॉकलेटला मिळणारा सुखाचा प्रतिसाद उलट वाढला. रिमोनाबँटने तो घटतो.

चौकस : थांबा, चॉकलेट मेंदूला जास्तच भावत असेल तर ‘भूक मारणारी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या टीएचसीव्हीच्या गमी (चघळायच्या गोळ्या) कशाच्या जोरावर?

रेणुवेडा : जाहिरातीच्या. त्यांची बाजू मी घेतच नाहीये.

औषधवाली : एका डोसनंतरच्या स्कॅनवरून महिनोन्महिने घेतल्यावर मन कसं राहील ते कळत नाही. मात्रा वाढली तर हेच टीएचसीव्ही सीबी१ चालूही करू शकतं. मोठी चाचणी जरूर करा, पण नैराश्याचा इतिहास असलेले रुग्ण सुरुवातीला वगळा आणि साखरेइतकीच मनःस्थितीचीही नोंद ठेवा.

तिरकस : आणि या वेळी साखर हाच मुख्य निकष, तोही आधी जाहीर करून.