माल्कम आर्नल्ड: अष्टपैलुत्वाने घात केला का?

तारषड्ज:
इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनचा संगीतकार माल्कम आर्नल्ड (१९२१–२००६). लंडन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रामध्ये ट्रम्पेट वाजवला, नऊ सिम्फनी (ऑर्केस्ट्रासाठीच्या, अनेक भागांच्या मोठ्या रचना) लिहिल्या, शंभराहून जास्त चित्रपटांना संगीत दिलं, 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'साठी ऑस्कर मिळवलं. एवढ्या आघाड्यांवर लढल्यामुळे त्याच्या सिम्फनींचं नुकसान झालं, असं माझं ठाम मत आहे. १९५६ साली त्याने ऑर्केस्ट्राच्या जोडीला तीन व्हॅक्यूम क्लीनर, फरशी घासायचं यंत्र आणि चार रायफली घेऊन एक विनोदी ओव्हर्चर (कार्यक्रमाच्या सुरुवातीला वाजवायची छोटी रचना) लिहिलं. त्यानंतर समीक्षकांनी त्याच्या सिम्फनींतलं दुःख मनावर घ्यावं तरी कसं?

कोमल_निषाद:
साफ असहमत! ते ओव्हर्चर कुणाच्या कार्यक्रमासाठी होतं? व्यंगचित्रकार जेरार्ड हॉफनुंगच्या. तो १९५९ मध्ये, अवघ्या ३४व्या वर्षी गेला. त्याआधी दोनच वर्षं हॉर्नवादक डेनिस ब्रेन मोटार अपघातात गेला होता. आर्नल्डच्या १९६१ च्या पाचव्या सिम्फनीत या मित्रांची आठवण आहे. दुसऱ्या भागात तंतुवाद्यांवर एक गोड, लांबलचक धून येते. शेवटच्या भागात तीच अख्खा ऑर्केस्ट्रा छाती फुगवून वाजवतो. आता विजय झाला असं वाटतं, आणि तेवढ्यात सगळं मायनरमध्ये, म्हणजे उदास स्वरछटेत, कोसळतं. खाली घंटा वाजत राहतात. धून इतकी सिनेमातल्यासारखी गोड नसती, तर ते कोसळणं एवढं लागलं असतं का? हसवणारा आणि रडणारा माणूस एकच आहे हो.

तारषड्ज:
पाचवीचा शेवट जबरदस्त आहे, वाद नाही. पण दुसरा भाग मला अजूनही पाकात बुडवल्यासारखा वाटतो. आणि चौथी? लंडनमधल्या नॉटिंग हिलच्या १९५८ च्या वांशिक दंगलींनी व्यथित होऊन लिहिलेली, त्यात कॅरिबियन तालवाद्यं. विषय केवढा मोठा, आणि वर ती गुणगुणण्याजोगी चाल!

खर्जातला:
चाल गुणगुणण्याजोगी आहे म्हणूनच तिच्यावर आघात झालेला ऐकवत नाही. शिवाय तुम्ही दोघं वादकांना विसरताय. गिटार कॉन्चेर्टो (एकल वादक आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) गिटारवादक ज्युलियन ब्रीमसाठी, दुसरा क्लॅरिनेट कॉन्चेर्टो जॅझ क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनसाठी. गिटार कॉन्चेर्टोच्या मंद भागात तर जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टला आदरांजली आहे. समोरच्या वादकाचा हात ओळखून लिहिणं ही ट्रम्पेटच्या खुर्चीत बसून आलेली विद्या आहे.

तारषड्ज:
मग १९८६ ची नववी घ्या. शेवटचा भाग वीस मिनिटांहून जास्त, अतिमंद, ऑर्केस्ट्रा जवळजवळ रिकामा. ना रंजकता, ना चमक. सगळी झूल उतरवल्यावर तो इथवर आला. माझा मुद्दा हाच आहे.

कोमल_निषाद:
उलट आहे! शंभर चित्रपटांत कुठे थांबायचं, कुठे वाद्य काढून घ्यायचं हे हाताला कळलं, म्हणून त्याला रिकाम्या ऑर्केस्ट्राची भीती वाटली नाही. आणि शेवटी येणारा तो डी मेजर, तो उजळ स्वरमेळ? तो तुमच्या मते कुठून आला?