पालिकेच्या बंबासाठी सरकारी पैसा नेमका येतो कुठून?

कापडवाला:
मंडळी, तालुक्याच्या गावात माझं कापडाचं दुकान आहे. गेल्या महिन्यात मागच्या गल्लीतल्या गादी कारखान्याला रात्री आग लागली. नगरपरिषदेचा बंब शेडमध्येच उभा होता, पण १५ वर्षं झाली म्हणून त्याची नोंदणी संपलेली. शेजारच्या तालुक्यातून गाडी येईपर्यंत आम्ही घरची मोटर लावून भिंतीवर पाणी मारत बसलो. कापूस वरून विझला, आत धुमसत राहिला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा पेटला.

आता व्यापारी संघटनेचं निवेदन लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. कार्यालयात विचारलं तर "निधी नाही". एक माजी नगरसेवक म्हणतात, "दिल्लीहून ५,००० कोटी आलेत." खरं काय? आणि मागायचं कोणाकडे?

नगरलेखा:
५,००० कोटी खरे आहेत, पण ते सगळ्या देशासाठी. १५व्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने जुलै २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ही योजना आणली. त्यातले ५०० कोटी कायदे आणि यंत्रणा सुधारणाऱ्या राज्यांना प्रोत्साहन म्हणून. आपल्या महाराष्ट्रासारख्या राज्याने स्वतःचा २५ टक्के हिस्सा घालायचा आणि प्रस्तावही राज्यानेच पाठवायचा. म्हणजे तुमचं दिल्लीला लिहिलेलं पत्र टपाल नोंदवहीच्या पुढे जाणार नाही.

तुमच्या हातातला रस्ता म्हणजे जिल्हा वार्षिक योजना, म्हणजे जिल्ह्यातल्या कामांसाठी राज्याकडून दरवर्षी येणारा निधी. नगरपरिषदेचा ठराव घेऊन प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊ द्या आणि पुढच्या वर्षाचा आराखडा ठरायच्या आत जाऊ द्या. मार्चएंडला धावलात तर फक्त घाम येतो.

नोंदणीचं म्हणाल तर १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांचं नूतनीकरण बंद आहे, त्यात पालिकांच्याही गाड्या आल्या. त्यामुळे "जुनाच दुरुस्त करून द्या" असं लिहू नका.

सांजवात:
आमच्याकडे अनुदानातून नवा कोरा बंब आला. हार, नारळ, फोटो सगळं झालं. ड्रायव्हर कंत्राटी, रात्री आठनंतर किल्ली त्याच्या घरी.

बंबखाना_निवृत्त:
सांजवात, अगदी हेच लिहायला आलो होतो. ३१ वर्षं नोकरी केली, आता गुडघे धरून बसलोय.

कापडवाले, बंब नक्की मागा, पण आधी माणसं मोजा. एका गाडीवर चालक धरून सहा जण लागतात. तीन पाळ्या म्हणजे अठरा. सुट्ट्या, आजारपण धरलं की बाविसाच्या खाली भागत नाही. गाडीच्या अनुदानात पगार नसतो. त्यासाठी आकृतिबंधात, म्हणजे पालिकेच्या मंजूर पदांच्या यादीत, पदं मंजूर हवीत. लोखंड लवकर मिळतं, माणूस मिळत नाही.

दुसरं पाणी. साध्या बंबात ४,५०० लिटर मावतं. पंप पूर्ण जोरात चालवला तर मिनिटाला २,२५० लिटर फेकतो. करा हिशोब, दोन मिनिटांत टाकी रिकामी! आम्ही एकच ब्रँच (पाइपचं पाणी फेकणारं तोंड) बेताने चालवून दहा मिनिटं काढायचो आणि तेवढ्यात कोणीतरी विहीर शोधत पळायचा. बाजारपेठेजवळ बंब भरायची जागा मागा. गाडीच्या मानाने तिचा खर्च किरकोळ आहे.

तिसरं, शेडवर जाऊन होज, म्हणजे बंबाचा पाण्याचा पाइप, बघा. वापरलेली होज धुऊन उंच टांगून वाळवायची असते. ओली गुंडाळली की आतून कुजते आणि ऐन आगीत कपलिंगच्या जोडापाशी फाटते. तेवढ्यावरून ते ठाणं कसं चालतं ते कळतं.

आणि रागावू नका, पण त्या गादी कारखान्याचा फॉर्म बी कोणी पाहिला होता का? राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा हा दाखला दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. तुमच्या दुकानाला तो लागू आहे का, तेही तपासा.

कापडवाला:
काका, काल शेडवर जाऊन आलो. होज ओलीच, जुन्या टायरवर गुंडाळलेली, कपलिंगला सुतळी. हजेरीपत्रकावर सात नावं, त्यातली चार माणसं पाणीपुरवठ्याच्या कामाला लावलेली. चालक बिचारा म्हणाला, "शेठ, त्या रात्री मी एकटाच होतो."

निवेदन फाडून पुन्हा लिहायला घेतलंय. पहिली मागणी, ती चार माणसं परत द्या. फॉर्म बीचं विचाराल तर... सोमवारी माहितगाराला दुकानावर बोलावलंय.