मदत हवी आहे: थ्री सिरीजचे मागचे ब्रेक पॅड आणि सेन्सर घरी बदलायचे आहेत

गाडी बीएमडब्ल्यू ३२०डी, एफ३० पिढीतली, सेकंडहँड घेतलेली. पुण्यात रोजचं ऑफिस, अधूनमधून वाई-महाबळेश्वर. गेल्या आठवड्यापासून मीटरवर ब्रेकचा पिवळा दिवा आहे आणि स्क्रीनवर मागच्या ब्रेक पॅडपुढे थोडेच किलोमीटर शिल्लक दिसतात. चाकाच्या फटीतून टॉर्च मारून पाहिलं, पॅड खरंच बारीक झालेत. पुढचे मात्र चांगले जाड आहेत.

वर्कशॉपवाले म्हणतात, पॅड, दोन्ही डिस्क आणि सेन्सर (पॅड झिजल्याचं गाडीला कळवणारी वायर) सगळंच बदला. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, सेन्सरच्या दोन वायरी एकमेकींना जोडून देतो, दिवा जाईल, कशाला खर्च करता! दोघांचंही पटत नाहीये. ऑइल, फिल्टर, पुढचे पॅड ही कामं मी घरी करतो. जॅक, स्टँड, टॉर्क रेंच आहे. मागच्या ब्रेकला मात्र अजून हात लावलेला नाही.

शंका अशा:
सेन्सर एक घ्यायचा की दोन? दुकानदार दोन घ्या म्हणतोय.
मागच्या ब्रेकचा पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) फिरवून आत घालावा लागतो का? मित्राच्या गाडीला तसा लागला होता.
दिवा घालवायला स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लागेल का?
आणि मागचे पॅड पुढच्यांच्या आधी कसे संपले?

---

घाटमाथा:
सेन्सर एकच. या गाडीत पुढचा सेन्सर डाव्या चाकाला आणि मागचा उजव्या चाकाला, आतल्या बाजूच्या पॅडमध्ये. म्हणजे मागे डावीकडे काय चाललंय ते गाडीला कळतच नाही. म्हणून डावं चाक आवर्जून उघडून बघा. पॅड दोन्ही बाजूंचे एकदमच बदलायचे, हे वेगळं सांगायला नको.

पिस्टन फिरवायचा नाही, सरळ दाबायचा. तुमच्या गाडीचा हँडब्रेक कॅलिपरवर (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्यावर) चालत नाही, डिस्कच्या पोटात छोटे ड्रम-शू असतात त्यांच्यावर चालतो. जुना पॅड मध्ये ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश दाबा. त्याआधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी बघा. कोणी मध्ये टॉप-अप केलं असेल तर पिस्टन आत जाताना ऑइल बाहेर येतं आणि रंग खातं.

मागचे आधी संपण्यात नवल नाही. हलक्या ब्रेकिंगला मागच्या चाकांवरही बराच भार टाकला जातो, शिवाय ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागेवर फिरू न देणारी यंत्रणा) मागची चाकं आवरायला हेच पॅड वापरतं. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये सगळं ब्रेकिंग हलकंच असतं की!

नटबोल्ट:
वायरी जोडायचा उद्योग करू नका. सेन्सर म्हणजे पॅडमध्ये बसणारा वायरचा वेढा. पॅडबरोबर तो घासला जातो, तुटला की गाडीला कळतं. जोडून टाकलात तर पॅड झिजल्याचं गाडीला सेन्सरवरून कधी कळणारच नाही आणि पुढच्या खेपेला थेट लोखंड डिस्कवर घासल्याचा आवाजच ऐकाल. (उंदरांनी ही वायर कुरतडली तरी दिवा लागतो, पण तुम्ही पॅड डोळ्यांनी पाहिलेत, तेव्हा तुमच्याकडे तो प्रकार नाही.)

डिस्क बदलायची का, हे वर्कशॉपला विचारण्यापेक्षा डिस्कलाच विचारा. किमान जाडी तिच्यावर कोरलेली असते. व्हर्नियरने मोजा, कडेचा उंचवटा सोडून. त्या आकड्याच्या बरीच वर असेल, तडे नसतील, पेडल थरथरत नसेल तर डिस्क राहू द्या.

स्कॅनर नको. नवा सेन्सर जोडून झाल्यावर इंजिन सुरू न करता इग्निशन ऑन करा. मीटरवरचं ट्रिपचं बटण सर्व्हिसची यादी येईपर्यंत दाबून धरा. मग एकेकदा दाबत मागच्या ब्रेकवर या, पुन्हा दाबून धरा, रिसेट विचारेल तेव्हा परत एकदा. जुना तुटका सेन्सर तसाच असेल तर रिसेट होणार नाही.

घाटमाथा:
एक राहिलं. या कॅलिपरच्या गाइड पिनांना (कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या) ग्रीस लावू नका. जपानी-कोरियन गाड्यांची सवय असलेले मेकॅनिक हमखास चोपडतात. इथे पिन रबरी बुशमध्ये (रबराच्या नळीत) कोरडीच चालते, फडक्याने स्वच्छ पुसली की झालं. ब्रेकची पेस्ट लावायचीच तर पॅडचे कान जिथे टेकतात तिथे, अगदी पातळ. बाहेरची तारेची स्प्रिंग काढताना चष्मा घाला, ती उडते. चाकाचे बोल्ट १४० न्यूटन मीटर. आणि गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा, पहिल्या दोनतीन दाबांना ते तळाला जातं.

---

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. एकच सेन्सर आणला. डिस्क मोजली, बदलायची गरज नाही. आज डावीकडचं उघडलं तर आतला पॅड जवळजवळ संपलेला आणि बाहेरचा निम्मा शिल्लक! खालची पिन हाताने हलतच नव्हती. ठोकून काढली, बुशचं रबर फाटलंय. नवे पॅड लावून आठवडाभर चालवू, की आधी बुश?

नटबोल्ट:
आधी बुश. पिन अडकली की कॅलिपर सरकत नाही, सगळा दाब पिस्टनकडच्या पॅडवर येतो. नवा पॅडही तसाच तिरका खाल्ला जाईल. नाना पेठेत कॅलिपरचं रिपेअर किट विचारा, गाडीचा चॅसी नंबर जवळ ठेवा. उजवीकडच्या पिनाही आत्ताच काढून बघा. पिन ठोकताना वाकली असेल तर तीही नवी घ्या, काचेवर लोळवली की वाक दिसतो.

धागाकर्ता:
उद्या रविवार, पेठ बंद. जुने पॅड परत लावून सोमवारी गाडीनेच जाऊन आणलं तर?

घाटमाथा:
फाटक्या बुशवर आणि संपलेल्या पॅडवर? गाडी स्टँडवरच राहू द्या, पुढच्या चाकांना दगड लावा. सोमवारी पीएमपीच्या बसने जा.