टर्बो चढवताना कॉम्प्रेशन रेशो उतरवावा, की बूस्टला लगाम घालावा?

(तिघांमधली चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

बोअरगेज

पोर्ट इंजेक्शनचं, म्हणजे पेट्रोल सिलिंडरबाहेर इनटेकच्या वाटेत फवारणारं, १.६ लिटर पेट्रोल इंजिन. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७९ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८१.५ मिमी, कंपनीचा कॉम्प्रेशन रेशो १०, म्हणजे पिस्टन मिश्रण दहाव्या हिश्श्याएवढ्या जागेत दाबतो. त्यावर टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) बसवायचा आहे, गाडी रोज वापरायची आहे आणि पेट्रोल पंपावर मिळेल तेच घालायचं आहे. दोन वाटा आहेत. रेशो १० ठेवून बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेला दिलेला जादा दाब, ०.५ बारवर थांबवायचा, किंवा इंजिन उघडून रेशो ८.५ करायचा आणि १.१ बार द्यायचा.

माझं मत: १० ला हात लावू नका. शहरात चालणारं इंजिन बहुतेक वेळ बूस्टमध्ये नसतंच. सिग्नलवरून निघताना, तिसऱ्या गिअरमध्ये ३५ च्या वेगाने जाताना टर्बो अजून जागा झालेला नसतो, तिथे पिकअप येतो तो रेशोमधून. आदर्श ऑटो सायकलच्या हिशेबात रेशो १० ला कार्यक्षमता ६०.२ टक्के, ८.५ ला ५७.५. प्रत्यक्षातले आकडे याच्या बरेच खाली असतात, पण दोहोंतली तफावत प्रमाणाने साधारण एवढीच राहते. म्हणजे पाचेक टक्के पेट्रोल कायमचं जास्त जाणार. चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगन टायगुन आणि व्हर्टसमधलं १.० टीएसआय हे टर्बो इंजिन तर १०.५ वर चालतं.

नॉकसेन्सर

टीएसआयचा दाखला इथे चालणार नाही. त्यात डायरेक्ट इंजेक्शन आहे. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये बाष्प होतं आणि आतली हवा थंड करतं. पोर्ट इंजेक्शनमध्ये बरंचसं पेट्रोल व्हॉल्व्हच्या आणि पोर्टच्या गरम भिंतीवरच उडून जातं, हवेला त्याचा तेवढा उपयोग होत नाही.

आता नॉकिंगसाठी, म्हणजे मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटून ठोकतं त्यासाठी, तापमान बघा. बाहेर ४० अंश, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के, दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचीही ७० टक्के धरा. ०.५ बारला इनटेकमध्ये सुमारे ५६ अंशांची हवा येते, १.१ बारला ७२ अंशांची. पुढे पिस्टन तीच हवा दाबतो. १.३५ चा घातांक धरला तर रेशो १० ला स्ट्रोकच्या शेवटी सुमारे ४६५ अंश होतात, ८.५ ला सुमारे ४५६. म्हणजे तापमान जवळपास सारखं, पण दुसऱ्या इंजिनात हवा एक तृतीयांश जास्त. कार्यक्षमतेतली घट वजा केली तरी टॉर्क पंचवीस टक्क्यांहून जास्त वाढतो. टर्बो बसवायचा तो याचसाठी ना?

बोअरगेज

हिशेब अर्धाच मांडलात. नॉकिंग फक्त तापमानावर ठरत नाही, दाबावरही ठरतं. तुमच्याच घातांकाने ०.५ बार आणि रेशो १० ला दाब सुमारे ३४ बार येतो, १.१ बार आणि ८.५ ला ३८. दाब वाढला की उरलेलं मिश्रण आपोआप पेटायला कमी वेळ लागतो. मग ईसीयू (इंजिनचा संगणक) ठिणगीचं टायमिंग मागे घेणार, जळण उशिरा होणार आणि उष्णता एक्झॉस्टमधून टर्बाइनवर जाणार. ते तापमान ९५० अंशांच्या आत ठेवायला पेट्रोल जास्त ओतावं लागतं, लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, अचूक असलं की १) ०.८५ पर्यंत खाली. तुमचे पंचवीस टक्के त्यात विरघळतात.

हेडगॅस्केट

रेशो उतरवायचा कसा, हे दोघांनीही सांगितलेलं नाही, आणि इंजिनं तिथेच फुटतात. बरेच जण हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये जाड गॅस्केट टाकून मोकळे होतात. हिशेब करा: एका सिलिंडरचं विस्थापन ४०० सीसी. रेशो १० ला चेंबर (पिस्टन वर पोहोचल्यावर उरणारी जागा) ४४.४ सीसी, ८.५ ला ५३.३. फरक ८.९ सीसी. ७९ मिमी बोअरवर तो गॅस्केटने भरून काढायचा तर जाडी १.८ मिमी वाढते. पिस्टन आणि हेड यांच्यातली ०.९ मिमीची स्क्विश फट मग २.७ मिमी होते. वर येणारा पिस्टन कडेचं मिश्रण मध्यभागी ढकलून जी घुसळण करतो ती जवळजवळ संपते, ज्योत हळू पसरते आणि कडेला उरलेलं मिश्रण ठोकायला लागतं. रेशो कमी करूनही नॉकिंग कायम!

बरोबर वाट एकच: डोक्यावर वाटीसारखा खळगा असलेले फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन, साधारण ९ सीसीची वाटी, आणि स्क्विश ०.८ ते १ मिमीच. कॅटलॉगमधल्या आकड्यावर विसंबू नका. हेडवर ॲक्रिलिकची पट्टी ठेवून ब्युरेटने चेंबर स्वतः मोजा, चारही सिलिंडरांत अर्ध्या सीसीपेक्षा जास्त फरक नको. पिस्टन रिंगच्या टोकांमधली फटही वाढवा. साध्या इंजिनात या बोअरला ०.३२ मिमी चालते, बूस्टला ०.४३ लागते. ती कमी राहिली तर तापलेल्या रिंगची टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची रिंग लँड (दोन रिंगांमधली कड) तुटते. दोष मात्र ट्यूनिंगला दिला जातो.

नॉकसेन्सर

गॅस्केटबद्दल पूर्ण सहमत. दाबाचा मुद्दाही मान्य, म्हणून १.१ चा हट्ट सोडतो. पण आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे. त्याचं किमान ऑक्टेन (नॉकिंगला दाद न देण्याचं माप) ९५, पूर्वीच्या साध्या पेट्रोलचं ९१ होतं. शिवाय इथेनॉल बाष्प होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं. तेवढी सवलत मिळाल्यावर बूस्ट का सोडायचा? फक्त इंजेक्टर मोठे घ्या. पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साडेतेरा. १६० बीएचपीसाठी प्रत्येकी ३१५ सीसी प्रति मिनिट पुरत असतील तर इथे ३४० धरा, नाहीतर टॉप एंडला मिश्रण पातळ होऊन पिस्टन वितळेल.

बोअरगेज

ती सवलत दोन्ही वाटांना सारखीच मिळते. मी ती टायमिंगमध्ये वापरेन. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये १०.२५ रेशोवर जेमतेम ०.३५ बार होता, तरी पाणी-मेथॅनॉलची टाकी द्यावी लागली होती, आणि ती रिकामी झाली की बूस्ट कापला जायचा. रेशो आणि बूस्ट दोन्ही हवे असतील तर किंमत कुठेतरी मोजावी लागतेच. निसानने त्यासाठी ८ ते १४ असा बदलता रेशो केला, पण ती क्रँक यंत्रणा गॅरेजमध्ये बनत नाही.

रिंग लँडच्या मुद्द्यावर मात्र मागे येतो. ०.५ बारलाही कास्ट (ओतीव) पिस्टनवर माझा भरवसा नाही. इंजिन उघडायचंच तर ४.४ सीसीची वाटी, रेशो ९.२, बूस्ट ०.८ बार.

हेडगॅस्केट

९.२ ला माझं मत. पण ०.८ बार चौथ्या गिअरमध्ये ३००० आरपीएमनंतरच द्या. खालच्या आरपीएमला ज्योतीला वेळ जास्त मिळतो, तसा नॉकिंगलाही मिळतो. आणि महाबळेश्वरला हवेचा दाब ८६ किलोपास्कलच्या आसपास असतो. ईसीयूच्या मॅपमध्ये लक्ष्य निरपेक्ष (बाहेरच्या हवेसकट एकूण) दाबाचं असेल तर तेवढाच दाब गाठायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं आणि हवा जास्त तापते. इनटेकचं तापमान ६० च्या वर गेलं की दर ५ अंशांना एक अंश टायमिंग मागे, इथून सुरुवात करा आणि नॉक ऐकत पुढचं ठरवा.

नॉकसेन्सर

पिस्टन नवेच घ्यायचेत, तर ८.८ का नाही? ९.२ वर ऐन मे महिन्यात ताम्हिणी चढताना तुम्ही ०.८ टिकवू शकाल असं मला वाटत नाही. इनटेक तापमान आणि टायमिंगचा लॉग टाका, मग बोलू.