मोफत परवाने मिळत असताना वर अनुदान कशाला?

कुणीतरी विचारलंय की युरोपातल्या कारखान्यांना उत्सर्जनाचे परवाने (हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या दर टनामागे एक लागतो) फुकट मिळतात, मग जास्त वीज खाणाऱ्या कारखान्यांना वर सरकारी भरपाई म्हणजे दुहेरी लाभ नाही का? नाही. मोफत परवाने कारखान्याच्या स्वतःच्या धुराड्यातून निघणाऱ्या उत्सर्जनासाठी असतात. ही भरपाई विजेच्या बिलातून येणाऱ्या कार्बन खर्चासाठी आहे. वीज कंपन्यांना परवाने बहुतांशी विकत घ्यावे लागतात, आणि घाऊक बाजारात दर ठरतो तो मागणी पुरी करणाऱ्या सर्वांत महाग केंद्रावरून, म्हणजे बरेचदा गॅस किंवा कोळशावरून. त्यामुळे नॉर्वेसारख्या जलविद्युतवाल्या देशातही कार्बनची किंमत बिलात घुसते. एक टन अॅल्युमिनियमला साधारण १४,००० युनिट वीज लागते, यावरून काय ते समजा.

युरोपीय संघाच्या २०२१ च्या मूळ नियमांत ही भरपाई मोजक्याच क्षेत्रांना ठेवली होती, तीही साधारणपणे अशा खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत. शिवाय अट अशी की कारखान्याने ऊर्जा लेखापरीक्षण करून घ्यायचं, आणि त्यातल्या तीन वर्षांत पैसे वसूल होणाऱ्या शिफारशी अमलात आणायच्या, किंवा ३० टक्के वीज कार्बनमुक्त वापरायची, किंवा निम्मी मदत उत्सर्जन घटवण्यात गुंतवायची. यातला ३० टक्के विजेचा पर्याय मला फारच सैल वाटतो.

खरी गोम वेगळीच आहे. मदत द्यायची की नाही, हे प्रत्येक देश ठरवतो. जर्मनीची तिजोरी भरलेली, ती देते. गरीब देशातला तसाच कारखाना एकाच बाजारात मागे पडतो.