ऑप्टोमेट्रिस्टसाठी पदवीनंतरची रेसिडेन्सी सक्तीची असावी का?

धागाकर्ती

अमेरिकेत ऑप्टोमेट्रीची (डोळे तपासून चष्मा देणे आणि डोळ्यांचे आजार ओळखणे; हे नेत्रशल्यचिकित्सक नव्हेत) चार वर्षांची डॉक्टरेट आणि राष्ट्रीय मंडळाच्या परीक्षेचे तीन भाग पूर्ण झाले की परवान्याचा मार्ग मोकळा होतो. त्यापुढची एक वर्षाची रेसिडेन्सी, म्हणजे अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्ण तपासत शिकणे, ऐच्छिक आहे आणि बहुसंख्य पदवीधर ती न करताच नोकरीला लागतात. माझ्या मते ती सक्तीची व्हायला हवी. १९७१ मध्ये ऱ्होड आयलंडने ऑप्टोमेट्रिस्टना तपासणीपुरते थेंब वापरण्याची मुभा दिली, १९७६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाने औषधोपचाराची, आणि १९९८ मध्ये ओक्लाहोमाच्या कायद्याने लेसर उपचारांचीही. अधिकार इतके वाढले, पण शिक्षणाची वर्षे चारच राहिली.

स्वतःचा अनुभव सांगते. रेसिडेन्सीच्या दुसऱ्या महिन्यात साठीतले एक गृहस्थ डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगतात म्हणून आले. थेंब घालून बाहुली मोठी केली, वीस डायॉप्टर ताकदीच्या भिंगातून डोळ्याचा पडदा (रेटिना) पाहिला आणि ‘छिद्र नाही’ अशी नोंद केली. माझ्या मार्गदर्शक डॉक्टरांनी स्लिट लॅम्पखाली (प्रकाशाच्या बारीक झोतात डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली) पाहिले, तर डोळ्यातल्या जेलीच्या पुढच्या भागात तंबाखूच्या भुकटीसारखे तपकिरी कण तरंगत होते, म्हणजे पडदा फाटल्याची खूण. त्यांनी रुग्णाला आडवे केले आणि पापणीवरून डिप्रेसरने (बोथट टोकाच्या छोट्या उपकरणाने) डोळ्याची भिंत हलकेच आत दाबली. मी जिथवर पोहोचलेच नव्हते, त्या अगदी कडेच्या भागात घोड्याच्या नालेसारखे छिद्र उघडे पडले. पडदा सुटू नये म्हणून त्याच दुपारी लेसर झाले. त्या दिवशी मी एकटी असते, तर ते गृहस्थ ‘काही नाही’ एवढे ऐकून घरी गेले असते.

प्रतिसाद १ (बारा वर्षे स्वतःचे क्लिनिक)

आपला प्रसंग मनापासून पटला, पण त्यातून निघणारा निष्कर्ष पटला नाही. डोळ्याची भिंत दाबून पडद्याची कड पाहणे हे परवानाधारकाला आलेच पाहिजे, आणि आलेच पाहिजे तर ते पदवीच्या चौथ्या वर्षातच पक्के व्हायला हवे. पाचवे वर्ष जोडल्याने चौथ्या वर्षातली उणीव भरून निघत नाही, ती फक्त पुढे ढकलली जाते. शिवाय ‘शिक्षणाची वर्षे चारच राहिली’ हे म्हणणे अर्धवट आहे. त्या चार वर्षांत आज जे शिकवतात, ते १९७१ मध्ये शिकवत नव्हते.

पैशाचाही विचार करा. पदवी घेऊन बाहेर पडताना अनेकांच्या डोक्यावर लाखाहून अधिक डॉलरचे कर्ज असते आणि रेसिडेंटचे मानधन नोकरीतल्या पगारापेक्षा बरेच कमी असते. त्यातून जागा पदवीधरांच्या संख्येच्या मानाने फार थोड्या. सक्ती केली तर जागा न मिळालेल्यांनी परवान्याविना बसून राहायचे का?

प्रतिसाद २ (माजी सैनिकांच्या रुग्णालयात रेसिडेंटना शिकवतो)

माजी सैनिकांच्या रुग्णालयांतली पहिली ऑप्टोमेट्री रेसिडेन्सी १९७५ मध्ये कॅन्सस सिटीत सुरू झाली आणि आजही या प्रशिक्षणाचा मोठा भार हीच रुग्णालये उचलतात. आमच्याकडे मधुमेह, काचबिंदू आणि मेंदूला मार लागल्यानंतरचे दृष्टिदोष, असे अनेकदा एकाच रुग्णात एकत्र भेटतात. तरीही रेसिडेन्सीचे खरे मोल रुग्णांच्या संख्येत नाही. चौथ्या वर्षाचा विद्यार्थी काही आठवड्यांनी दुसऱ्या ठिकाणी जातो. त्याने ऑगस्टमध्ये काचबिंदूचा थेंब बदलला, तर नोव्हेंबरमध्ये डोळ्यातला दाब उतरला की नाही हे त्याला कधीच कळत नाही. रेसिडेंटला तोच रुग्ण पुन्हा समोर बसलेला दिसतो आणि आपला निर्णय चुकला असेल, तर तो स्वतःच्या हाताने दुरुस्त करावा लागतो. प्रतिसाद १ यांना माझे नम्रपणे सांगणे आहे की हे चौथ्या वर्षात बसवता येत नाही, कारण त्यासाठी एकाच जागी वर्षभर राहावे लागते.

तरीही मी सक्तीच्या विरोधात आहे. सक्ती आली की जागा घाईघाईने वाढवाव्या लागतील आणि जिथे शिकवायला कोणी नाही, तिथे रेसिडेंट म्हणजे कमी पगारात दिवसभर चष्म्याचे नंबर काढणारा माणूस ठरेल. रेसिडेन्सीला मान्यता देणारी परिषद कागदपत्रे तपासू शकते, पण शेजारी उभा राहणारा शिक्षक कुठून आणणार?

प्रतिसाद ३ (लहान गावातली ऑप्टोमेट्रिस्ट)

मला कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक थर) आणि कॉन्टॅक्ट लेन्सची रेसिडेन्सी करायची होती. घरच्या जबाबदारीमुळे दुसऱ्या राज्यात वर्षभर राहणे शक्य नव्हते. केराटोकोनसच्या (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा फुगण्याच्या) रुग्णांना स्क्लेरल लेन्स (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी लेन्स) बसवायला मी पुढे स्वतः धडपडत शिकले, आणि माझ्या पहिल्या काही रुग्णांना त्यासाठी गरजेपेक्षा जास्त खेपा घालाव्या लागल्या, याची मला आजही खंत आहे. म्हणून रेसिडेन्सी निरुपयोगी आहे असे मी कधीच म्हणणार नाही. पण ती सक्तीची असती, तर या गावात डोळे तपासणारे कोणीच नसते.

धागाकर्ती

तिन्ही प्रतिसादांबद्दल आभार. शिक्षकांच्या तुटवड्याचा मुद्दा मी पुरेसा विचारात घेतला नव्हता, आणि तो आपण सांगता तितकाच गंभीर आहे. सरसकट सक्तीचा आग्रह मी मागे घेते. एका बाबतीत मात्र मी ठाम आहे. ज्या राज्यांत लेसर किंवा पापणीवरची लहान शस्त्रक्रिया करण्याचा अधिकार आहे, तिथे तो अधिकार हवा असणाऱ्याने आधी देखरेखीखाली वर्ष काढावे. शनिवार-रविवारच्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र त्याला पुरेसे मानू नये. दंतवैद्यकात न्यूयॉर्कने २००७ पासून परवान्यासाठी प्रात्यक्षिक परीक्षेऐवजी वर्षभराची रेसिडेन्सी मागायला सुरुवात केली, म्हणजे एखादे राज्य असे पाऊल उचलू शकते.

प्रतिसाद १

एवढ्या मर्यादेत असेल तर माझा विरोध नाही. फक्त त्या वर्षाचे मानधन असे असावे की प्रतिसाद ३ यांच्यासारखी व्यक्तीही ते स्वीकारू शकेल, आणि काही जागा मोठ्या रुग्णालयांबाहेर, त्यांच्यासारख्यांच्या गावाजवळही असाव्यात.