अर्जंट! टीव्हीवर भलतंच 'लुक नॉर्थ' लागतंय, साडेसहाच्या आत मदत हवी

सई_ता:
लेकीच्या शाळेत दिवाळीचं लेझीम बसवलं होतं, काल बीबीसीवाले येऊन शूटिंग करून गेले, आज साडेसहाला लुक नॉर्थमध्ये, म्हणजे इथे उत्तर इंग्लंडच्या लोकल बातम्या असतात त्यात, दाखवणार म्हणाले. पण आमच्याकडे लावलं की कायम न्यूकॅसल आणि संडरलंडचंच चालू असतं. दोनदा रीट्यून केलं. पुण्याला आईबाबांना पाठवायचंय. लवकर सांगा प्लीज!!

फिरस्ता:
गाव कुठलं? ॲन्टेना की डिश? काहीच न सांगता लवकर सांगा म्हणजे आम्ही काय कुंडली मांडायची?

बंटी_लीड्स:
लुक नॉर्थ तीन आहेत ताई. न्यूकॅसल, लीड्स आणि हल. नाव तिन्हींचं एकच. टीम कुठली आलेली?

सई_ता:
लीड्सची. शाळा यॉर्कला, नवऱ्याचं ऑफिस तिकडे म्हणून. घर नॉर्थॲलर्टन. छपरावर घरमालकाचा ॲन्टेना.

बंटी_लीड्स:
मग बरोबरच आहे की. तुमचा ॲन्टेना बिल्सडेलच्या टीव्ही टॉवरकडे असणार, त्यावर न्यूकॅसलचंच येतं, काउंटी यॉर्कशायर असली तरी. लीड्सचं एमली मूरवरून येतं. ८०० च्या पुढचे चॅनल बघा, दुसऱ्या टॉवरचा सिग्नल थोडाफार पोचत असेल तर टीव्ही ते तिथे नेऊन टाकतो.

नानाकाका:
बिल्सडेलला २०२१ च्या ऑगस्टमध्ये आग लागली तेव्हा आम्ही मिडल्सब्रोला होतो, कितीतरी दिवस टीव्ही म्हणजे नुसता काळा डबा, शेवटी हिने बुद्धिबळ शिकून घेतलं. एमली मूरचा आधीचा टॉवर तर १९६९ साली बर्फाच्या ओझ्याने कोसळलेला, आत्ताचा काँक्रीटचा आहे.

डिशवाला:
डिश बसवा, देशभरातली सगळी लोकल बुलेटिन दिसतात. मी तर सगळ्यांना तेच सांगतो.

फिरस्ता:
अहो साडेसहाला कार्यक्रम आहे, डिश काय झोमॅटोवरून मागवायची?

जुना_वाचक:
टीव्हीचं सोडा, नॉर्दर्न एकोला फोटो पाठवा. डार्लिंग्टनचा पेपर, १८७० पासून निघतोय. त्याचे एक जुने संपादक स्टेड टायटॅनिक बुडाली त्यात वारले, माहितीये का?

बंटी_लीड्स:
शाळा यॉर्कची म्हणजे बातमी यॉर्कच्या 'द प्रेस'ला द्यायची, डार्लिंग्टनला काय त्याचं? आणि टायटॅनिक मध्येच कुठून आलं??

जय_महाराष्ट्र_यूके:
मराठी चॅनल हवे असतील तर व्यनि (खाजगी मेसेज) करा, माझ्याकडे बॉक्स आहे.

मीनल:
सई, हे सगळं राहू दे. बीबीसीच्या आयप्लेअर ॲपवर लुक नॉर्थ शोध, ज्याच्याखाली यॉर्कशायर लिहिलंय ते लाव. पण ईस्ट यॉर्कशायर आणि लिंकनशायर नको हं, ते हलचं. नंतर पण बघता येतं पण एकच दिवस, आळस करू नकोस. भारतात आयप्लेअर चालत नाही, तेव्हा फोनवर शूट करून व्हॉट्सॲप कर.

सई_ता:
दिसलीऽऽ! मीनल थँक्यू गं. ८०० च्या पुढे काहीच नव्हतं, आयप्लेअरवर मिळालं. सात सेकंद दाखवलं, त्यातली पाच मॅडमचं डोकं मध्ये. आई म्हणते परत पाठव, नात दिसलीच नाही.

डिशवाला:
डिश असती तर पॉज करून फोटो काढता आला असता.

मीनल:
आयप्लेअरलाही पॉज असतो हो दादा.